थांबवणाऱ्याचा चहा

माझ्या सुनेला कामावर सगळे थांबाबाई म्हणतात. तोंडावर मॅडम आणि पाठीमागे थांबाबाई. हे मला तिनेच सांगितलं आणि वर हसली. मी म्हटलं, पाठीमागे तरी लोक खरं बोलतात म्हणायचं. कारण घरातही तिचा तोच धोशा असतो. वरच्या फळीवरचा डबा काढायला मी स्टूल ओढलं की आतल्या खोलीतून आवाज येतो, "आई, थांबा." कढत पातेलं उचलायला फडकं हातात घेतलं, आणि ते जरा ओलं असलं, की "आई, थांबा." ते स्टूल तिच्या जन्माच्या आधीपासून माझ्याकडे आहे. त्यावर चढून मी अख्खा संसार केला, भिंती रंगवल्या, बल्ब बदलले. ते एका पायावर डुगडुगतं हे लग्न होऊन आल्याबरोबर तिला दिसलं आणि तिने त्या पायाखाली रबर ठोकलं. तेव्हा मला राग आला होता. आता डुगडुगत नाही म्हणूनही येतो, सवयीचं होतं ते.

आमच्या रस्त्याच्या डोक्यावरून रेल्वे जाणार आहे. खांब उभे राहिले आहेत, त्यांच्यावर लांबच लांब आडव्या तुळया चढायच्या आहेत, ज्यांना ती मंडळी गर्डर म्हणतात, आणि मग त्यावरून कधीतरी गाडी धावेल. या कामात माणसं मरू नयेत, वर काम करणारीही आणि खालून जाणारीही, हे बघणं ही माझ्या सुनेची नोकरी. शेजारीण विचारते, "सून नेमकं करते काय हो?" मी म्हणते, "काही होऊ देत नाही." शेजारणीला वाटतं मी सुनेची तक्रार करते आहे.

खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं ती तक्रारच होती. बांधकाम म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. हे गेले ते असल्याच एका कामापायी. पाइप टाकायला रस्ता खणलेला, भोवतीचं कुंपण आडवं पडलेलं, दिवेलागणीची वेळ. हे दूध आणायला म्हणून गेले आणि त्या चरात पडले. खुबा मोडला, आणि नंतर अंथरुणातून उठलेच नाहीत. तेव्हा ही नुकती लग्न होऊन आली होती. बँकेतली बसून करायची नोकरी होती तिची. ती सोडून ही या सुरक्षेच्या शिक्षणाला जाऊन बसली, तेव्हा मी तिच्याशी बोलणं टाकलं. ज्या कामाने माझा माणूस नेला, त्याच कामाचा पगार घरात यावा हे मला पटत नव्हतं. मुलगा कामासाठी परगावी, त्यामुळे घरात आम्ही दोघीच, आणि दोघींतली एक मुकी. तिने तेही निभावलं. रोज कामावरून आली की चपला काढता काढता दिवसभरातलं सगळं मला सांगायची, मी ऐकते आहे असं धरून. मी ऐकतच होते, फक्त हूं म्हणत नव्हते.

तिच्या दोन रीती मला खुळचट वाटायच्या. पहिलीत मीच अडकलेली. खोदकामामुळे पायी चालणाऱ्यांची वाट सारखी बदलावी लागते, आज पत्रे या बाजूला, उद्या त्या बाजूला. नवी वाट लोकांना खुली करण्याआधी ती मला तिथे नेते आणि चालायला लावते. माझे गुडघे गेलेले, हातात काठी, एका डोळ्यातला मोतीबिंदू निघालेला आणि दुसऱ्यातला डॉक्टरांच्या तारखेची वाट बघत बसलेला. तिच्या मते या कामाला यापेक्षा लायक माणूस मिळणं कठीण. मी चालते, जिथे अडखळते तिथे मुकादम खडूने खूण करतो, आणि माझी सगळी बडबड ती कान देऊन ऐकते. घरात कधी ऐकली नसेल इतकी ऐकते. "आजी पास तर वाट पास," असं मुकादम सगळ्यांना सांगत फिरतो. आधी मी कुरकुरायचे. मग लक्षात आलं की जायच्या आदल्या दिवशीच मी चपला पुसून ठेवते आहे.

दुसरी रीत थांबवण्याची. तिच्या कामावर कुणालाही काही वावगं दिसलं तर त्याने दोन्ही हात वर करायचे आणि म्हणायचं, थांबा. कुणीही म्हणजे कुणीही. इंजिनिअर, झाडूवाली, रस्त्याने चाललेला पोस्टमन. म्हटलं की काम थांबतं. आधी थांबतं, मग विचारतात. आणि थांबवणाऱ्याला त्या वेळी तिथे जो सगळ्यात मोठा साहेब हजर असेल, त्याने स्वतःच्या हाताने चहा ओतून द्यायचा. थांबवणाऱ्याचं म्हणणं खरं निघो की खोटं, चहा द्यायचाच. त्यासाठी एक थर्मास कायम तिथे भरलेला असतो.

"खोटं निघालं तरी चहा?" मी एकदा विचारलं होतं. तोवर आमचं बोलणं सुरू झालं होतं.

"खोटं निघालं तर जास्तच," ती म्हणाली.

"हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"पुस्तकात नाही. आलं डोक्यात," ती म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

साहेब लोकांना तो चहा फार कडू लागायचा. मुख्य साहेब तर उघड म्हणायचे की मॅडमनी कामावर हॉटेल काढलंय. मोठा माणूस, अंगाने आणि आवाजानेही. पण वाईट नव्हे. काम वेळेत व्हावं असा त्यांच्या जिवाला घोर होता, आणि तो त्यांना सुनेसारखा चारचौघांत आवरता येत नव्हता.

आमच्या चौकातली तुळई चढवायची ठरली तेव्हाची ही गोष्ट. चौक फार वर्दळीचा. वाहतूक बंद करायची परवानगी मिळता मिळत नव्हती. शेवटी एका सुट्टीच्या दिवसाची मिळाली, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. तो दिवस हुकला तर पुढची तारीख कधी मिळेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. साहेबांनी महिनाभर आधीपासून सगळ्यांची झोप उडवली होती.

त्याच्या आदल्या दिवशी सून मला नव्या वाटेवर घेऊन गेली. तुळई हवेत असेल तेवढा वेळ ती वाट बंदच राहायची होती, पण आधी आणि नंतर लोकांना जायला तीच. एका बाजूला चष्म्याच्या दुकानाची पायरी, दुसऱ्या बाजूला पत्र्याचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे क्रेन. मी निम्म्यात गेले तर समोरून एक बाई, वाट खुली झाली असं समजून, बाबागाडी घेऊन आली. ती मागे जाईना, मला मागे जाता येईना. मी पायरीवर चढायला गेले तर काठी सटकली. मुकादमाने पटकन दंड धरला म्हणून निभावलं.

"नापास," मी म्हटलं. "दोन माणसं समोरासमोर आली तर इथेच संसार मांडायचा का? ते कुंपण सरकवा तिकडे."

"आजी, तिकडे क्रेन आहे," मुकादम म्हणाला.

"मग क्रेनला सरकवा. तिचे गुडघे चांगले आहेत."

सगळे हसले. सून हसली नाही. तिने बाबागाडी पुन्हा आणायला लावली, मला पुन्हा चालायला लावलं, आणि मग म्हणाली, "आई म्हणतात ते बरोबर आहे. कुंपण आत घ्या. क्रेन तेवढी मागे घ्या." मुकादमाने तोंड वाकडं केलं, पण संध्याकाळपर्यंत दोन्ही झालं. वाट अशी ऐसपैस झाली की मी परत येताना मुद्दाम काठी काखेत मारून चालले.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच चौकात जाऊन उभी राहिले. दोरी लावली होती, दोरीमागे ही गर्दी. सुट्टीचा दिवस, फुकटचा तमाशा, लोक मुलांना खांद्यावर घेऊन आले होते. दुकानं बंद ठेवायला लावली म्हणून दुकानदार चरफडत होते. चष्मेवाला माझ्या शेजारीच उभा होता. दोरीपाशी पहाऱ्याला एकेक माणूस, पिवळं जाकीट, डोक्यावर हेल्मेट. पलीकडे तुळई लांबलचक गाडीवर पडलेली, एवढी मोठी की तिच्यावर आमची सगळी गल्ली झोपली असती. आणि क्रेन आपले चार पाय पसरून, प्रत्येक पायाखाली जाड लोखंडी पाट घेऊन उभी. सून मधोमध. लांबून ती एवढीशी दिसत होती.

तिने सगळी जागा रिकामी करवली. स्वतः एक चक्कर मारली. मग इशारा देणाऱ्या माणसाने हात हलवला, दोर ताणले गेले, आणि ती तुळई गाडीवरून सुटली. आवाज काहीच झाला नाही. एवढी वजनदार गोष्ट गुपचूप उचलली जाते हे बघून मी काठी घट्ट धरली.

तेवढ्यात मला तो दिसला. तुळईच्या अगदी खाली, गाडीच्या मागच्या चाकापलीकडे, एक माणूस उकिडवा बसलेला. पिवळं जाकीट, पिवळं हेल्मेट, मान खाली. तो हलत नव्हता, बहुधा काहीतरी बांधत असावा. मी इकडेतिकडे बघितलं, कुणाचंच लक्ष नव्हतं. मी काठी टाकली, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "थांबा."

दोरीपाशी उभ्या पहारेकऱ्याने मला काही विचारलं नाही. त्याने आपले दोन्ही हात वर केले. त्याचे बघून पुढच्याने, त्याचे बघून त्याच्या पुढच्याने. माझे हात त्या चौकभर पसरत गेले, ते थेट क्रेनपर्यंत. आणि क्रेन थांबली. मी आयुष्यात कधी पाण्याच्या नळाशिवाय काही थांबवलेलं नव्हतं.

तुळई हळूच परत गाडीवर टेकवली. मग दोघं जण पळत त्या माणसापाशी गेले. एकाने वाकून त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं. खाली डोकं नव्हतं. पाणी उपसायचा एक लहानसा पंप होता, आणि उकडतंय म्हणून कुणीतरी त्याच्यावर आपलं जाकीट आणि हेल्मेट अडकवून ठेवलेलं होतं.

गर्दी अशी हसली की काय सांगू. चष्मेवाला म्हणाला, "आजी, उद्या दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक तुम्ही." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.  आणि वरून माझ्या सुनेच्याच कामावर. तिच्या कामाचा खोळंबा करायला तिला परकी माणसं का लागावीत.

साहेब तरातरा आले. चेहरा लालबुंद. मला बघितलं आणि सुनेकडे वळले. "मॅडम, या तुमच्या सासूबाई?"

"हो."

"घरच्यांनीच असं करायचं ठरवलं तर मग बोलायलाच नको. आजच्या दिवसासाठी मी किती उंबरठे झिजवलेत ठाऊक आहे ना? कुणीही उठावं आणि हात वर करावेत, हे आज शेवटचं. उद्याच्या बैठकीत मी हा नियम बंद करून टाकतो. ज्याला कळतं त्यानेच थांबवायचं."

"उद्याचं उद्या बोलू," सून म्हणाली. आवाज तोच, मी स्टूल ओढलं की आतल्या खोलीतून येतो तो. "आज नियम आहे. चहा तुम्हाला ओतायचा आहे, साहेब."

मला वाटलं, आता हा माणूस थर्मास उचलून फेकतो. मीही म्हटलं, "अगं राहू दे, मला नको." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्यांच्याकडेच बघत राहिली. सगळी गर्दी, सगळे कामगार, वर केबिनमध्ये बसलेला क्रेनवाला, सगळे बघत होते. साहेबांनी थर्मास घेतला. कपात ओतताना त्यांचा हात इतका थरथरत होता की निम्मा चहा बशीत गेला. तो कप त्यांनी माझ्या हातात दिला.

मग सून मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आई, तुम्हाला माणूस दिसला, तुम्ही थांबवलंत. बरं केलंत. उद्या दिसला तर उद्याही थांबवा. आणि पंपावर जाकीट कुणी टाकलं त्याने ते घालावं."

तो चहा मी कसा प्यायले ते माझं मला माहीत. लाजेने कान तापले होते. पण कप हातात होता, आणि हातात कप असलेल्या म्हाताऱ्या बाईवर फार वेळ हसता येत नाही. गर्दी गप्प झाली.

परत सगळे जागेवर गेले. परत इशारेवाल्याने हात उचलला. आणि क्रेनच्या मागच्या पायापाशी कुणीतरी दोन्ही हात वर केले.

तो तिथला इंजिनिअर होता, काडीसारखा बारीक, नुकतं लग्न ठरलेला. त्याच्या हातात कागद नव्हता, काही नव्हतं. नुसते हात वर. साहेबांनी डोक्याला हात लावला. "आता काय? तुलाही कुणी बसलेलं दिसलं?"

पुढचं बोलणं मला सुनेने नंतर सांगितलं, पण त्याचा चेहरा मी लांबून बघत होते. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो म्हणाला, "साहेब, मला नक्की माहीत नाही. क्रेन काल मागे घेतली ना, तर तिचा हा मागचा पाय मला वाटतं जुन्या चरावर आलाय. पाण्याचा पाइप बदलला तेव्हा आपण खणलेला, तो. मीच बुजवून घेतला होता. वरून पक्का दिसतो. आत किती दाबला गेला होता ते मला आता आठवत नाही. तुळई फिरवली की सगळा भार या पायावर येणार."

"सकाळपासून काय करत होतास?"

"सकाळी वाटलं, माझीच शंका आहे. नंतर आजींचं झालं, तुम्ही रागावलात. मग म्हटलं आता कसं सांगू." तो थांबला. "मग तुम्ही त्यांना चहा दिलात."

सुनेने एक लांब सळई आणवली. पायाखालच्या पाटाला लागून दोघांनी ती जमिनीत रोवली. वरचा थर कडक होता, तिथे जरा जोर लागला. मग ती सळई पिठाच्या डब्यात चमचा जावा तशी आत गेली, आणि जात राहिली. वर काढली तेव्हा तिला ओला चिखल लागला होता. पाइप कुठेतरी झिरपत असणार. पाट एका अंगाने बोटभर बसलेला होता, आणि तो तर नुसत्या पहिल्या उचलण्याने. तुळई फिरली असती तर क्रेन कुठल्या बाजूला कलली असती हे कुणालाच सांगावं लागलं नाही. त्या बाजूला कामगारांची रांग होती, आणि त्यामागे दोरी, आणि दोरीमागे खांद्यावर मुलं घेतलेली माणसं. आणि मी.

 साहेब कुणी न सांगता थर्मासपाशी गेले आणि त्या पोराला चहा ओतून दिला.

त्या दिवशी तुळई चढली नाही. जमीन खणून, दाबून, पुन्हा तपासून घेईपर्यंत अंधार झाला असता. मोकळा दिवस हातचा गेला. लोकांना सांगायचं कुणी, यावर जरा चुळबुळ झाली, तेव्हा सूनच कर्णा घेऊन दोरीपाशी आली.

"आज काम होणार नाही," ती म्हणाली. "तुमचा दिवस वाया गेला, दुकानं बंद राहिली. तुमची वाट अरुंद होती म्हणून कुंपण मी सरकवलं. त्यासाठी क्रेन मागे घेतली, आणि मागची जमीन पुन्हा तपासून घ्यायचं माझ्याकडून राहिलं. तिथे जमीन पोकळ निघाली. खालून चालणाऱ्यांचं बघताना मी वर काम करणाऱ्यांना धोक्यात घातलं, आणि तुम्हालाही. चूक माझी आहे. वाट रुंदच राहील. क्रेनची जागा आम्ही बदलू."

मला वाटलं होतं लोक ओरडतील. थोडे ओरडलेही. पण चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं याची फार कुणाला सवय नसते. चष्मेवाला खाली वाकला, माझी पडलेली काठी उचलून त्याने माझ्या हातात दिली आणि काही न बोलता निघून गेला. आणि मी तिथे उभी राहून माझ्या सुनेकडे बघत होते. घामाने केस कपाळाला चिकटलेले, हेल्मेट एका बाजूला झुकलेलं, हातात तो बेढब कर्णा. इतके दिवस मी तिला शहाणी समजत होते, थोडी आगाऊही. ती धीराची आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की शेजारी कोण उभं आहे हे न बघता मी म्हटलं, "माझी सून आहे ती."

पण दुसऱ्या दिवशीची बैठक होतीच. वरच्या ऑफिसातून लोक यायचे होते. दिवस गेला होता आणि तो कशामुळे गेला हे कुणाच्या तरी नावावर मांडायचंच होतं. सुनेला तिच्या नोकरीची काळजी दिसत नव्हती. "चूक झाली ती झाली, ते काय ते बोलतील. पण ते थांबवण्याचा नियमच काढायला बघतील, आई," ती निघताना म्हणाली. "म्हणतील, फक्त अधिकाऱ्यांनीच थांबवायचं. ते झालं तर मग मी तिथे राहून काय करू."

दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. भांडं पडलं तरी वाटायचं, माझ्यामुळे. माझ्या अडखळण्यापायी वाट सरकली, माझ्या मोतीबिंदूपायी साहेब भडकले. ती आली तेव्हा मी दारातच उभी होते. तिने चपला काढल्या आणि नेहमीसारखं सांगायला लागली.

तिला लेखी ताकीद मिळाली होती. तिने ती निमूट घेतली. मग वरच्या ऑफिसातला माणूस म्हणाला की यापुढे थांबवायचा अधिकार ठरावीक लोकांनाच असावा. सून बोलायला उठणार, तेवढ्यात मुख्य साहेब उठले. ते म्हणाले, "काल मी दोनदा चहा ओतला. पहिल्यांदा हात रागाने कापत होता, दुसऱ्यांदा भीतीने. पहिला ओतला नसता तर दुसरा ओतायची वेळच आली नसती, आणि मग आज आपण या खोलीत वेगळ्याच कारणासाठी बसलो असतो. नियम आहे तसा राहू दे." एवढं बोलून ते बसले. नियम राहिला.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिला ओट्यापाशी बसवलं. "आता मला खरं सांग," मी म्हटलं. "हे चहाचं तुझ्या डोक्यात आलं कुठून?"

ती नखाने ओट्यावरचा डाग खरवडू लागली.

"बाबा गेले तेव्हा लोक भेटायला येत होते," ती म्हणाली. "मी नवीन होते, कुणाला ओळखत नव्हते. तुम्ही मला चहाचं काम दिलं होतं. तर एक काका म्हणाले, ते कुंपण त्या दिवशी सकाळपासूनच आडवं होतं, मी जाताना पाहिलं होतं. मग एक बाई म्हणाल्या, हो ना, मीही पाहिलं. मग खिडकीपाशी बसलेले म्हणाले. आई, त्या खोलीतल्या किती जणांनी ते पाहिलं होतं. आणि प्रत्येकाच्या हातात मी दिलेला कप होता."



"मी आत आले आणि इथेच उभी राहिले," ती म्हणाली. "मला त्यांचा राग नाही आला. चांगली माणसं होती, भेटायला आली होती. सांगणार तरी कुणाला? कुणी हसलं असतं, कुणी म्हणालं असतं तुम्हाला काय करायचंय. पण मला सारखं वाटत राहिलं, की हा चहा चुकीच्या दिवशी दिला गेला. तो त्यांना आधी मिळायला हवा होता. ते कुंपण बघून कुणी एक जण थांबला असता, तर तेव्हा."

ती माणसं मला आठवली, एकेक. त्यांचं बोलणं मीही ऐकलं होतं, बाहेरच्या खोलीत, भिंतीला टेकून, आणि ते माझ्या डोक्यावरून गेलं होतं. हिच्या ते काळजात जाऊन बसलं. माझ्या माणसासाठी मी इतकी वर्षं रडले. ही त्याच्यासाठी रोज उन्हात उभी राहिली, आणि मी हिच्याशी अबोला धरून बसले होते. आता भर चौकात हसू झाल्यावर मला कळलं होतं की दोन हात वर करायला किती जड जातात. एका कपाने ते हलके होतात, हे तिला तेव्हाच उमगलं होतं.

मी उठले. आमचे जुने चांगले कप वरच्या फळीवर असतात, पाहुण्यांचे, तेव्हाचेच. मी स्टूल ओढलं आणि चढले. आता ती थांबा म्हणेल म्हणून वाट बघितली. ती म्हणाली नाही. ती आली आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून उभी राहिली.

"आज थांबा नाही म्हणालीस?" मी वरून विचारलं.

"आज तुम्ही ऐकणार नाही," ती म्हणाली. "पडलात तर माझ्यावर पडा."

मी एक कप काढला, उतरले, तो धुतला आणि तिच्यासाठी चहा ओतला. माझाही हात थरथरत होता, बराचसा बशीत गेला. तिने बशी उचलून आधी तोच प्यायला.